दोर

कॉलेजच्या रोबोटिक्स टीममधल्या पोरींनी वस्तीतल्या मुलांना गटाराच्या झाकणाभोवती गोल उभं केलं. गटार साफ करणारा त्यांचा रोबोट आज पहिल्यांदाच सगळ्यांसमोर खाली उतरणार होता.

"थांबा! आधी आत गॅस आहे का ते बघायचं, मग याच्या कमरेला दोर बांधायचा," टीमची कॅप्टन म्हणाली. "दोराशिवाय आम्ही याला कधीच खाली सोडत नाही."

"का गं बाई?" मागून एका आजींनी विचारलं.

"अहो आजी, आत अडकला तर? वर्षभर जीव ओतलाय आम्ही याच्यात!"

पोरं हसली. दोर धरायचा मान कॅप्टननं कौतुकानं आजींनाच दिला. थोड्या वेळानं रोबोट गाळ घेऊन वर आला. टाळ्या पडल्या. त्याला हात लावायला पोरांची झुंबड उडाली.

"आजी, आला तो वर. सोडा आता."

आजींनी दोराचा मनगटाला आणखी एक वेढा दिला.

"माझा लेक इथूनच खाली उतरला होता," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं जीव ओतला होता मी त्याच्यात. त्याला कुणी दोर बांधला नाही गं."