पटवाऱ्याची घोडी

त्रेपन्न साली दिल्लीहून सनदी नोकरीचं शिक्षण घेऊन आलेल्या तरुण साहेबांनी घोड्यावर बसायचीही परीक्षा दिली होती. आसेगावच्या पहिल्याच दौऱ्यात त्यांनी पटवारी जानरावांची घोडी मागितली.

"लगाम ताणून धरा, साहेब. लय हट्टी जनावर हाये," घोडीच्या बाजूनं चालताना ते पुन्हा पुन्हा विनवत होते. सदरा घामानं भिजला होता.

"एवढे घाबरता कशाला? मी काही पडत नाही," असं म्हणून साहेबांनी हसत लगाम सैल सोडला.

घोडी गल्लीत वळली आणि रंगूबाईच्या दारापुढं उभी राहिली. टापा ऐकून रंगूबाई लगबगीनं बाहेर आली. पदर नाकापर्यंत ओढलेला, खालून तिला घोडीचे पाय तेवढे दिसत होते. तिनं तुपाचं गाडगं वर धरलं.

"घ्या, जानरावभाऊ. आता तरी माहं वावर माह्या नावावर करून द्या."

साहेबांनी गाडगं हातात घेतलं.



तशी घोडी आपसूक चालू लागली, आणि शेजारच्या दारात जाऊन थांबली.