संगीत संपल्यावर

त्यांची गाडी पोचायला आणि रेल्वेचं फाटक पडायला एकच गाठ पडली. डॅरिलने करकचून ब्रेक दाबला, कॉफी त्याच्या मांडीवर सांडली आणि समोरून धान्याच्या मालगाडीचा पहिला डबा खडखडत गेला.

"घ्या! आता ही संपेपर्यंत आपण म्हातारे होणार."

शेजारी मार्टा बसली होती. बाहेर उणे चौतीस अंश. गाडीचा हीटर अजून तापायचा होता, त्यामुळे दोघंही कोट, टोपी आणि जाडजूड हातमोज्यांत कोंबलेली. समोर अडकवलेल्या फोनवर तंत्रज्ञानाच्या बातम्यांचा पॉडकास्ट दुप्पट वेगाने चालला होता. आतली माणसं चिमण्यांसारखी बोलत होती.

"जरा हळू लाव ना," मार्टा म्हणाली.

"तुझ्या आठवड्यात ती रडक्या गाण्यांची शोकसभा ऐकतोच की मी."

कॅनडातल्या विनिपेगमध्ये दोघं एकाच गल्लीत राहत आणि एकाच कंपनीत जात. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा तिची. जो चालवेल त्याच्या पसंतीचं ऐकायचं, असा नियम.

"आज बघच तू," डॅरिल डब्यांकडे हनुवटी करून म्हणाला. "संचालक जागेवर सही करतील."

कंपनी मालगाड्यांच्या टपांवर बसवायची यंत्रं बनवायची. डबा कुठे आहे हे ती कळवत आणि उन्हावर चार्ज होत. त्यांची बॅटरी मार्टाच्या प्रयोगशाळेत तयार होई. ती बंद करून बाजारातली नवी बॅटरी घ्यावी, असं डॅरिल आज मांडणार होता. कडाक्याच्या थंडीतही ती चार्ज होते, हे मागच्या आठवड्यात याच पॉडकास्टवर सांगितलं होतं. संचालकांनी मान हलवली की मार्टाची प्रयोगशाळा बंद, आणि तिच्यासकट चौघं घरी.

गोठणबिंदूखाली चार्ज केली की या जातीची बॅटरी आतून मरत जाते, असं मार्टाने बैठकीत सांगून पाहिलं होतं. तेव्हा डॅरिल उठून उभा राहिला होता. कानामागे हात धरून, सगळ्यांसमोर म्हणाला होता, "पुस्तकं मिटा, मॅडम, आणि कान उघडे ठेवा!" सगळे हसले होते. तिच्या हाताखालचा मुलगाही हसला होता, मग तिच्याकडे बघून थांबला होता.

मार्टाने कान उघडे ठेवले. त्याच संध्याकाळी तिने मूळ संशोधन काढून वाचलं आणि पॉडकास्टवाल्यांना चूक कळवली. आज सकाळी दारातला बर्फ ओढता ओढता तिने नवा भाग ऐकला. निरोपाचं संगीत झालं, आणि मग जिथे कुणीच ऐकत नाही तिथे निवेदिकेने सांगितलं: ती बॅटरी थंडीत चालते, पण थंडीत चार्ज होत नाही. आमची चूक झाली. ऐकणाऱ्या एका बाईंनी लक्षात आणून दिली, त्यांचे आभार.

मार्टाने फावडं बर्फात रोवलं होतं आणि तेवढंच पुन्हा ऐकलं होतं.

"हा आजचा भाग ऐकलास का?" डॅरिलने विचारलं. "मी दाढी करताना अर्धा ऐकला. काही विशेष?"

मार्टा डब्यांकडे बघत राहिली.

"शेवटपर्यंत ऐक," ती म्हणाली. जेवढं सांगायला हवं तेवढं तिने सांगितलं.

"शेवटी काय असतं! गाद्यांची जाहिरात आणि सगळ्यांचे आभार. संगीत वाजलं की आपलं दुकान बंद."

संगीत वाजलं. डॅरिलने सवयीने अंगठा पुढे केला. जाड हातमोज्यातल्या अंगठ्याला फोनने दाद दिली नाही. त्याने पुन्हा दाबलं. मग वाकून नाकाने दाबायला गेला, तर सीटच्या पट्ट्याने त्याला मागे खेचलं.

"नाक थोडं कमी पडलं," तो स्वतःशीच हसला.

संगीत विरत गेलं. मार्टाला आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. त्याने ऐकलं असतं, चेहरा उतरला असता, कचेरीत पोचल्याबरोबर त्याने सादरीकरणातलं त्या बॅटरीचं पान काढून टाकलं असतं. दुपारपर्यंत ही चूक आपणच शोधली असंही सांगितलं असतं. आणि हसलेले सगळे हसलेलेच राहिले असते.

"जाता जाता," निवेदिका चिवचिवली, "मागच्या आठवड्यातली एक..."

मार्टाने हातमोजा ओढून काढला आणि उघडं बोट फोनवर टेकवलं.

गाडीत फक्त मालगाडीच्या चाकांचा खडखडाट उरला.

"थँक्स!" डॅरिल म्हणाला. "बघ, कामाची आहेस तू."

"बैठकीत मला एक प्रश्न विचारायचाय. छोटासाच."

"विचार की! सगळी उत्तरं पाठ आहेत माझी." त्याने हातमोज्याचा पंजा कानामागे धरला, त्या दिवशीसारखाच, आणि डोळा मारला.

शेवटचा डबा गेला. फाटक वर उचललं गेलं. दोघांच्या श्वासांनी धुरकटलेल्या फोनच्या काचेवर मार्टाच्या बोटाचा गोल ठसा स्वच्छ उमटला होता, आणि कडेकडेने गोठत चालला होता.