एल्मामावशींची सही

निकाल वाचून झाला तरी एल्मामावशी खुर्चीतून उठल्या नाहीत.

सभागृहात लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. गोऱ्यांनी बळकावलेली नदीकाठची जमीन एकशे चाळीस वर्षांनी तिथल्या मूळ लोकांना परत मिळाली होती. रोंडाही रडली. मावशींचे डोळे मात्र कोरडे होते. दमल्या असतील, असं रोंडाला वाटलं. वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यातली पन्नास वर्षं याच लोकांपायी गेलेली. दवाखान्यात आपल्या बायांना मागच्या दाराने घेत, ते मावशींनी बंद पाडलं. नगरपालिकेत आपल्यातली पहिली बाई त्याच बसल्या. जमिनीचा दावाही त्यांनीच लावून धरला, सव्वीस वर्षं.

वकिलाने कागद पुढे केला. जमीन ज्यांच्या नावे होणार, त्या वारसांनी सह्या करायच्या होत्या. पहिली सही मावशींची, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

"माझं नाव नको," मावशी म्हणाल्या. "रोंडाच्या आईचं घाला."

लोक हसले. मावशींचं हे नेहमीचंच. दवाखान्याच्या पाटीवरूनही त्यांनी आपलं नाव पुसायला लावलं होतं. रोंडाच्या आईने सही केली. लहानपणी पोलिसांनी कुठूनशा उचलून मिशनच्या अनाथालयात टाकलेल्या मावशींना रोंडाच्या आजीनेच घरी आणलं होतं. मावशी आणि रोंडाची आई एका ताटात जेवून वाढल्या.

घरी आल्यावर रोंडाने चहा केला. मावशींनी कपाला हात लावला नाही. खिडकीतून नदीकडे बघत बसल्या. मग कपाटातून एक पिवळं पडलेलं पत्र काढून त्यांनी रोंडाला दिलं.

"वाच. मला आता दिसत नाही."

पत्र सरकारी होतं, एकवीस वर्षांपूर्वीचं. हजार मैलांवरच्या कुठल्याशा मिठाच्या तळ्याबद्दल लिहिलं होतं. तिथल्या मूळ लोकांपैकी कोणी हयात असल्यास नऊ मे रोजी जातीने हजर राहावं. कोणीच न आल्यास जमीन खाणीसाठी देण्यात येईल.

"मग?" रोंडाने विचारलं. "कुणीच गेलं नाही?"

"एकच उरली होती," मावशी म्हणाल्या. "त्या दिवशी ती इथे तुमच्यासाठी साक्ष देत होती."