चौथी ‘ब’चं अक्षर

अक्षर म्हणजे माणसाच्या आत्म्याचा आरसा. किएननं हे आजवर नऊ परिसंवादांत, दोन विद्यापीठांत आणि एका साबणाच्या जाहिरातीत सांगितलं होतं. आज तो ते आपल्या चौथीच्या बाईंच्या घरी सांगत होता, आणि तिसऱ्यांदा सांगत होता. कारण कॅमेरा धरलेल्या त्रामला मधेमधे सूर्यफुलाच्या बिया फोडल्याचा आवाज येत होता.

बिया थोआ बाई फोडत होत्या.

वीस नोव्हेंबर, त्यांच्या देशातला शिक्षक दिन. टेबलावर सेलोफेनमधले सात गुच्छ होते. किएनचा आठवा. तो सगळ्यांत मोठा, आणि त्याच्या फितीवर किएनच्याच कंपनीचं नाव.

काम साधं होतं. देशातल्या पहिली ते पाचवीच्या पुस्तकांसाठी नवा फॉन्ट निवडला जायचा होता आणि किएनचा फॉन्ट शेवटच्या दोनांत पोचला होता. त्यातलं प्रत्येक अक्षर एक्केचाळीस निरनिराळ्या लहान मुलांनी काढल्यासारखं उमटे. हे याला सुचलं कुठून, ते समितीला फिल्ममध्ये बघायचं होतं. फिल्म परवा द्यायची होती. बाईंनी एवढंच म्हणायचं होतं, की माझ्या वर्गात प्रत्येक मुलाचं अक्षर त्याचं स्वतःचं होतं, आणि मी ते जपलं.

“जपलं?” बाई म्हणाल्या. “अरे, सगळं तूच तर लिहिलंस.”

“त्राम, बंद कर जरा. बाई, ते नको ना.”

“का नको? जिल्ह्याची तपासणी यायची होती. ‘स्वच्छ वही, सुंदर अक्षर.’ तुमच्या वर्गाच्या वह्या उघडल्या तर कोंबड्या नाचून गेल्यासारख्या. एकट्या तुझा हात बरा. म्हणून तीन आठवडे तुला मागच्या बाकावर बसवला, जांभळ्या शाईची दौत दिली, आणि सगळ्यांच्या वह्या तुझ्याकडून नव्यानं लिहून घेतल्या. साहेबाला संशय येऊ नये म्हणून बिन्हचं अक्षर डावीकडे पाडलंस, लोआनचं गोलगरगरीत काढलंस. हुशार होतास.”

“आम्ही त्याला व्यक्तिवैविध्याची जाण म्हणतो, बाई.”

“आम्ही त्याला नक्कल म्हणायचो.”

त्राम कॅमेऱ्याच्या मागे फिसकन हसली. किएननं तिच्याकडे बघितलं, तशी ती लेन्स पुसायला लागली.

मग किएननं भिंतीकडे बघितलं. तिथे ‘आदर्श शिक्षिका’ असं लिहिलेलं मानपत्र होतं, काचेत. त्यानं आवाज खाली आणला. “बाई, माझं एक वेळ राहू द्या. पण हे असं बाहेर गेलं तर तुमच्या त्या मानपत्रालाही लोक नावं ठेवतील. मला तुमची काळजी वाटते.”

“घेऊन जा ते,” बाई म्हणाल्या. “मागे पाल अंडी घालते.”

आत्म्याच्या आरशात पालीची सोय नव्हती. किएन नुसताच म्हणाला, “बाई, चार वर्षं घातलीत मी या फॉन्टमध्ये. हा गेला तर परत साबणाच्या खोक्यांवर अक्षरं काढायची.”

हे मात्र खरं बोलला. बाईंनी बियांची बशी बाजूला सारली.

खोटं बोलायला त्यांची हरकत नव्हती. छत्तीस वर्षं शाळेत काढली होती. त्यांना वैताग होता तो फक्त त्यात फुलं आणि आत्मा आणल्याचा. “लाव तुझा कॅमेरा, पोरी,” त्या म्हणाल्या आणि पदवीदानाला बसतात तशा ताठ बसल्या. सांगितलेलं वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं. ‘जपलं’वर थोड्या थांबल्या, खिडकीबाहेर बघितलं, हळूच डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं. तपासणीचे साहेब आले की त्या असंच करत.

त्रामचे डोळे खरंच भरून आले. “बाई, त्या वह्या आहेत का हो अजून?”

होत्या. जिल्ह्यानं बक्षिसासोबत परत पाठवल्या, शाळेत वाळवी, म्हणून पत्र्याच्या पेटीत घालून पलंगाखाली. त्रामनं त्या फरशीवर मांडल्या आणि कॅमेरा चालू ठेवला. किएन गुडघ्यांवर बसला. नाव न बघता ओळखू लागला. “हा बिन्ह. ही लोआन. हा तो तळ्यात पडलेला.” त्याचा आवाज कधी नव्हे तो स्वतःचा वाटत होता.

“आता तुमची दाखवा ना, किएनदादा,” त्राम म्हणाली. “तीच शेवटी घेऊ.”

किएननं सगळ्या वह्या पुन्हा एकदा चाळल्या. पेटीत हात घालून बघितला. “बाई, माझी कुठाय?”

“तुझी नाही.”

“हरवली?”

“झालीच नाही. दुसऱ्यांच्या लिहिता लिहिता तुझी कोरी राहिली. कोरी वही साहेबापुढे कशी ठेवायची? तपासणीच्या सकाळी तुला घरी पाठवला आणि पटावर तुझ्या नावापुढे लिहिलं, ‘शाळा सोडली’.”

त्रामनं कॅमेरा हलू दिला नाही.

“पण नंतर,” किएन म्हणाला, “नंतर परत घातलंत ना नाव?”

बाईंनी थोडा विचार केला.

“राहूनच गेलं बघ.”

“मग मी पाचवीत कसा गेलो?”

“सगळे उठून शेजारच्या वर्गात गेले,” बाई म्हणाल्या. “त्यांच्यामागून तूही गेलास.”