तापाचा ताळा

"अडतीस पॉइंट सहा," सून म्हणाली.

"मला जुन्यात सांग," सासूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "अडतीस म्हणजे काय, ताप की चपलेचा नंबर?"

सुनेनं पलंगाखालचं स्टूल ओढलं आणि कागद मांडीवर घेतला. आज नववा दिवस. पाऱ्याचं जुनं थर्मामीटर पहिल्याच दिवशी धुताना तिच्या हातून फुटलं होतं, आणि औषधाच्या दुकानातून आणलेलं नवं फक्त सेल्सिअस दाखवत होतं. दुकानदार म्हणाला होता, बटण दाबून धरा, बदलतं. दाबून दाबून अंगठा दुखला, आकडा काही बदलला नाही. मोबाईलवर एका क्षणात उत्तर मिळालं असतं, पण सासूबाईंना मोबाईलचा हिशेब चालत नव्हता. कागद हवा, पेन्सिल हवी, आणि उभ्या उभ्या केलेलं गणित तर त्यांना मुळीच मान्य नव्हतं. नवानं गुण, पाचानं भाग, बत्तीस मिळव. शिवाय वर ताळा: बत्तीस वजा कर, पाचानं गुण, नवानं भाग, मूळ आकडा परत येतो का बघ. डेअरीत एकतीस वर्षं नोकरी केलेली बाई, दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवेल तर शपथ. माणसाच्या नाकी नऊ कसे येतात, ते सुनेला या दिवसांत नीट कळलं होतं.

ती कापडाच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक असो वा नसो, काउंटरमागे कुणी बसायचं नाही असा मालकाचा नियम. दुपारी तीनला ती सुटायची, तोवर शेजारीण सासूबाईंकडे लक्ष ठेवायची. घरात पाऊल टाकलं की पथ्याचं जेवण, औषधं, घामेजलेल्या चादरी, भांडी. पायांवर सूज आली होती. डॉक्टर म्हणाले होते, घाबरण्यासारखं काही नाही, हा ताप दहा-बारा दिवस घेतोच. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला.

तिला एकच गोष्ट हवी होती. दोन दिवसांसाठी का होईना, नवरा घरी यायला हवा होता. तो दूरच्या गावी नव्या नोकरीवर रुजू झाला होता, आणि पहिले तीन महिने सुट्टीचं नाव काढायचं नव्हतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एकशे दोन झाला तरच त्याला बोलवायचं. त्याच्या आत नाही." तापही मोठा शहाणा. नऊ दिवसांत एकदाही एकशे दोनला शिवला नव्हता.

नवानं गुणून तीनशे सत्तेचाळीस पॉइंट चार. पाचानं भागून एकोणसत्तर पॉइंट अठ्ठेचाळीस. त्यात बत्तीस मिळवले की एकशे एक पॉइंट अठ्ठेचाळीस. म्हणजे आजही नाही. पेन्सिल थांबली. तिला रडावंसं वाटलं, पण रडायलाही अंगात जोर लागतो. तिनं एकोणसत्तर खोडलं आणि तिथे सत्तर लिहिलं.

"एकशे दोन पॉइंट अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

सासूबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"बोलव मग त्याला," त्या म्हणाल्या. ताळा करायला त्यांनी सांगितलं नाही.

नवऱ्यानं फोनवर फारसं काही विचारलं नाही. एकशे दोनचं ठरलेलं त्यालाही ठाऊक होतं. साहेबांना सांगतो, संध्याकाळच्या गाडीनं निघतो, उद्या सकाळी पोचतो, म्हणाला. सुनेनं फोन ठेवला. हायसं वाटायला हवं होतं, वाटली ती लाज. आजारी माणसाच्या तापात आपण पदरची भर घातली, आणि यापायी त्याची नोकरी गेली तर? गाडीला अजून दोन तास होते. खरं सांगून टाकलं तर त्याला थांबवता आलं असतं.

ती परत खोलीत आली आणि पलंगाशी उभी राहिली.

"आई, मी खोटं बोलले. आकडा वाढवून सांगितला."

"एकशे एक पॉइंट अठ्ठेचाळीस," सासूबाई म्हणाल्या. "तू पेन्सिल उचलायच्या आधीच माझं झालं होतं."

"कागदाशिवाय?" सुनेनं विचारलं.

"डेअरीत मशीनवर सेल्सिअस आणि रजिस्टरात फॅरनहाइट. एकतीस वर्षं दुसरं काय केलं मी? त्रेसष्टचे एकशे पंचेचाळीस झोपेतसुद्धा सांगेन."

"मग ह्यांना कळवते, येऊ नका म्हणून."

"काही नको. येऊ दे. नोकरीचं तो बघेल. मीच खुळी, माझ्या तापाकडे बघून हद्द ठरवली. तुझ्याकडे बघून ठरवायला हवी होती."

नऊ दिवसांचे कागद उशाशी पडले होते. गुणाकार, भागाकार, ताळे, खाडाखोड. सुनेला ते दिसले आणि इतक्या दिवसांचा राग एकदम वर आला. पण रागवायचंही त्राण नव्हतं, त्यामुळे बाहेर पडला तो नुसता थकलेला प्रश्न.

"सगळं येत होतं तुम्हाला, तर रोज मला कशाला जुंपलंत या गणिताला?"

सासूबाईंनी हात लांब करून स्टूल जरासं तिच्याकडे सरकवलं.

"दुकानात उभी, घरात उभी. नुसतं बस म्हटलं असतं, तर बसली असतीस का?"