नगरपालिकेची भेट

खोकं मीटिंग रूमच्या टेबलावर होतं आणि निशिकांत सर त्यापासून चार खुर्च्या लांब उभे होते. एरवी क्लायंटकडून साधं कॅलेंडर आलं तरी पहिला हात त्यांचाच पडायचा.

"तू उघडलंस का?"

"नाही," अनुया म्हणाली.

सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या या ऑफिसात गांजाचं सॉफ्टवेअर बनत होतं. अमेरिकेतल्या एका आडगावच्या नगरपालिकेने गांजाच्या शेतीला आणि दुकानांना परवाने दिले होते. कोणाच्या शेतात किती रोपं, कोणत्या रोपाला कोणतं लेबल, कोणत्या दुकानातून किती माल गेला, हे सगळं पुण्याची अनुया दीड वर्ष स्क्रीनवर मांडत आली होती. खरं पान तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. सिंगापुरात ते कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून फाशीपर्यंतची सोय आहे.

उद्याच्या डेमोत लेबलं स्कॅन करून दाखवायची म्हणून सरांनी तिकडून रिकामी पाकिटं मागवली होती. मागवली म्हणजे, अनुयाच्या खुर्चीमागे उभं राहून मेल सांगितला आणि तिच्याच आयडीवरून पाठवायला लावला. टाइप करणं त्यांच्या हुद्द्यात बसत नसे. व्हिडिओ कॉलवर मात्र तेच बोलत, आणि तिने कॅमेरा बंद ठेवावा असं सुचवत. नेटवर भार पडतो म्हणे.

खोकं अकराला आलं. साडेअकराला नगरपालिकेच्या बाईंचा मेल आला. पाकिटं पाठवली आहेत, शिवाय आमच्या शेतकऱ्यांकडून एक छोटीशी भेट आत ठेवली आहे, आवडेल अशी आशा.

सर आधी पांढरे पडले, मग प्रेमळ झाले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जेवायला जाताना अनुयाने खोकं पिशवीत घालावं आणि लांब कुठेतरी, बेडोकच्या बाजूला म्हणा, कचऱ्यात टाकून यावं. हसतखेळत. कोणी बघत नाही. ज्याच्या हातात खोकं, त्यालाच इथला कायदा आधी धरतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. ऑफिसात नवीन माणूस आला की त्यावर ते अर्धा तास घेत.

"अगं, तुझं काय, फार तर नोकरीचा पास जाईल. पुण्याला जाशील, आईच्या हातचं खाशील. माझा इथे कायम राहायचा पीआर आहे, टॅम्पिनीसला फ्लॅट आहे, मुलांच्या परीक्षा आहेत."

"आत खरंच काही निघालं तर मला फाशी होईल, सर."

"असं टोकाचं बोलू नये," सर म्हणाले, आणि त्यांनी पिशवी पुढे केली. कापडी होती, चांगली मजबूत.

अनुयाने पिशवी घेतली नाही. जागेवर गेली आणि पोलिसांना फोन केला.

पोलीस येईपर्यंतच्या वीस मिनिटांत सरांना आपल्याला काहीच माहीत नसल्याचं हळूहळू आठवत गेलं. दोन अधिकारी आले तेव्हा जबाब तयारच होता. मागणीचा मेल या मुलीच्या आयडीवरून गेला, आपल्याला विचारलं नाही, आपला या पार्सलशी काडीचा संबंध नाही, हल्लीची मुलं परस्पर काय काय करतात. तो मेल त्यांनी स्वतः उघडून दाखवला. खाली अनुयाचं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. महिला अधिकाऱ्याने लिहून घेतलं. सरांनी झोकात सही ठोकली आणि कागद स्वतःच सरकवून दिला.

अधिकाऱ्यांनी अनुयाला पासपोर्ट काढून ठेवायला सांगितलं. बॅगेची चेन तिला दोनदा ओढावी लागली.

महिला अधिकाऱ्याने हातमोजे चढवले आणि खोक्याची टेप कापली. रिकामी पाकिटं निघाली, चपटी, रबरबँड लावलेली. त्यांच्याखाली पातळ कागदात गुंडाळलेलं मऊसं काहीतरी. सर आणखी एक खुर्ची मागे सरकले.

टोपी होती. उन्हात घालायची, हिरवी. कपाळावर रेशमाने भरलेलं गांजाचं भलंमोठं पान आणि पानाखाली इंग्रजी अक्षरांत नाव. दीड वर्षात नगरपालिकेच्या बाईंना या ऑफिसातला एकच चेहरा माहीत झाला होता. अधिकाऱ्याने टोपी उजेडाला धरली आणि नाव अडखळत, तोडून तोडून वाचलं.

"नि-शि-कांत."

मग तिने टोपी टेबलावर ठेवली, शेजारी तो जबाब ठेवला, आणि जबाबाखालची सही पुन्हा एकदा वाचली.

"आमच्याकडे फार कॉमन नाव आहे हे," सर म्हणाले. "गल्लीत एक तरी असतोच."

अधिकाऱ्याने अनुयाकडे वळून विचारलं, या ऑफिसात या नावाचं आणखी कोणी आहे का.

"एकच आहे," अनुया म्हणाली. "तेवढा पुरतो."