मे महिन्यातलं बाळ

“मे महिन्यातच झालं पाहिजे,” रागिणी म्हणाली. “एप्रिल नाही, आणि जून तर नाहीच नाही.”

कुलदीपचा घास हातातच राहिला. “हे का आपल्या हाती आहे?”

“थोडंफार आहे.”

रागिणी धामणगावच्या एका खासगी शाळेत शिकवायची. तिथे बाळंतपणाची रजा मागणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाळ झालं, तर शाळा उघडेपर्यंत ती कशीबशी उभी राहू शकत होती. शिवाय येत्या जूनमध्ये त्यांची थोरली, चिऊ, पहिलीत जाणार. म्हणजे घरी सांभाळायला पुन्हा एकच मूल आणि चिऊला सांभाळणाऱ्या मैनाचा पगारही तेवढाच. जूनच्या आधी जन्मलं, तर धाकट्याचंही शाळेचं वर्ष वाया जाणार नव्हतं.

दोन पोरांचा सांभाळ एकदम परवडला नसता. कुलदीप बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला. दोन वर्षं कपाशीने गावोगाव रडवलं होतं आणि दुकानात माशा मारत बसायची वेळ आली होती. दुसरं मूल हवंहवंसं वाटत असूनही दोघं थांबली होती ती यासाठीच.

चिऊ तीन महिन्यांची होती तेव्हापासून मैना तिला सांभाळायला येत होती. मैनाचा नवरा देवीदास जिनिंगमध्ये हमाल. कापसाचा हंगाम आटोपला की तो घरी बसायचा आणि घर मैनाच्या पगारावर चालायचं. लग्नाला सात वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. गल्लीतल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत, कुणाची ओटी भरायची वेळ आली की मात्र तिच्याकडे बघत नसत. रागिणीला त्याची चीड यायची. आणि खरं सांगायचं तर, हिला मूल नाही म्हणूनच आपल्या पोरीला इतका जीव लावते, असं बरंही वाटायचं.

अलीकडे मैनाने एकच धोशा लावला होता.

“मॅडम, चिऊ जूनमध्ये पयलीत जाईनच न?”

“जाणारच. काहून?”

“काही नाही. असंच.”

काम जाईल म्हणून घाबरली असेल, असं रागिणीला वाटलं. “तू काळजी नको करू. तुझं काम काही सुटत नाही,” ती म्हणाली.

मैनाचा चेहरा पडला. रागिणी चक्रावली. धीर दिला तर हिला वाईट का वाटावं?

जुलैत रागिणी तांबी काढून घ्यायला अमरावतीला निघाली. मैनाला तिने कंबर दुखते असं सांगितलं. मग काय मनात आलं कोण जाणे, म्हणाली, “तू पण चाल सोबत. एकदा दाखवून घे डॉक्टरीणबाईंना.”

मैना आढेवेढे घेईल असं तिला वाटलं होतं. ती लगेच तयार झाली. तपासायला एकटीच आत गेली आणि थोड्या वेळात बाहेर आली.

“काय म्हणल्या?”

“काही दोष नाही म्हणे.”

“मग?”

“मंग काही नाही.”

परतीच्या एसटीत मैना खिडकीबाहेर बघून गालातल्या गालात हसत होती. एवढ्याशा आशेवर किती खूश झाली बिचारी, असं वाटून रागिणीला भरून आलं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. रागिणीला दिवस गेले आणि तारीख आली ती नेमकी मे महिन्याची. कुलदीपने पेढे आणले, पण इतक्यात कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. त्या दिवसांत मैना कधी जेवण टाळायची, कधी चहाचा कप तसाच ठेवायची. मुलासाठी उपास धरले असावेत, असं समजून रागिणीने विचारलं नाही. आपल्याला मिळालं आणि हिला नाही, याची तिला लाज वाटत होती.

दिवाळी झाल्यावर तिने मैनाला जवळ बसवून बातमी सांगितली.

मैना हसली नाही, रडली नाही. “मे मधी?” एवढंच तिने विचारलं. पुन्हा विचारलं. मग भिंतीला टेकून बसली.

रागिणीने तिचा हात हातात घेतला. “बाळाला तुझ्याशिवाय मी कुणाकडे देणार नाही, मैना. आणि सातव्या महिन्यात माझी ओटी पहिली तू भरायची.”

“मले नाही जमनार, मॅडम.”

“लोकांचं मी मानत नाही. कोणी काही बोललं तर मी पाहून घेईन.”

“तसं नाही.” मैनाने पदर सारखा केला. “तवा मलेबी सातवाच राहीन.”

रागिणीला काही कळेना.

“पोरगी शाळेत जाईपर्यंत सोडून जायचं नाही, असं तुमीच म्हणलं होतं न कामावर ठेवलं तवा? मी हो म्हणलं होतं,” मैना म्हणाली. “म्हणून तं पाच वर्सं गोळ्या खाल्ल्या.”